भूमिकांची वाटणी

‘भूमिका’ हा शब्द मराठीच्या वर्गात दिवसातून निदान दहा वेळा उच्चारला जातो. नटाची भूमिका, लेखकाची भूमिका आणि ग्रंथारंभी येणारी भूमिका असे त्याचे तीन ठळक अर्थ आपण विद्यार्थ्यांना सांगतो. पहिल्यात सोंग आहे, दुसऱ्यात आग्रह आहे आणि तिसऱ्यात विनय आहे, निदान विनयाचा आव तरी आहे. तिन्हींच्या मुळाशी भूमी आहे, म्हणजे उभे राहण्याची जागा. गेल्या तीन वर्षांत या शब्दाचा चौथा अर्थ मला शिकावा लागला. तो संगणकशास्त्रातला आहे आणि साहित्याच्या माणसांनी त्याच्याकडे एकदा पाहावे असे मला वाटते, म्हणून हे लेखन.

संदर्भ थोडा सविस्तर सांगायला हवा. आमच्या शिक्षणसंस्थेची पाच महाविद्यालये आहेत. प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि कार्यालये मिळून सातशेच्या आसपास संगणक. त्या सगळ्यांवर कोणती प्रणाली बसवायची, कोणती दुरुस्ती कधी पोहोचवायची, कोणता संगणक बरेच दिवस बोललेला नाही, याची नोंद एका ठिकाणाहून ठेवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’ वापरले जाते. या आज्ञावलीचा वंशवृक्ष बराच जुना. ‘सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ या नावाने ती १९९४ साली आली आणि २००७ च्या आवृत्तीपासून आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचा कारभार ज्या सर्व्हरवर चालतो त्याच्या कामांना तिथे ‘रोल’ म्हणतात. मुख्य कचेरीचे काम हा एक रोल, माहितीसंच सांभाळणे हा दुसरा. संगणकांना हुकूम देणे व त्यांचे निरोप घेणे तिसरा, फायलींचे वाटप चौथा, सुधारणांचे काम पाचवा, अहवालांचे सहावा. आणखीही आहेत.

२०२२ पर्यंत आमच्याकडे हे सारे रोल एकाच यंत्रावर होते. ते चार आभासी यंत्रांवर वाटायचे ठरले आणि प्रयोगशाळा-सहायकांसाठी मराठीत एक हस्तपुस्तिका करावी असेही ठरले. समितीत मराठीची प्राध्यापक एकच, त्यामुळे ते काम माझ्याकडे आले. (समितीत मराठीची प्राध्यापक का होती, याचे उत्तर पुढे येईलच.)

आता एका यंत्रावरची सहा कामे चार यंत्रांवर का वाटायची? संख्येच्या हिशेबाने पाहिले तर गरज मुळीच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांनुसार हुकूम देणारा एक ‘मॅनेजमेंट पॉइंट’ २५,००० संगणकांना पुरतो आणि फायली वाटणारा एक ‘डिस्ट्रिब्यूशन पॉइंट’ ४,००० संगणकांना. आमच्या सातशेंचे त्यापुढे काय? संस्थेच्या लेखापालांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि तो रास्तच होता. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड परवान्यात एका यंत्रावर दोनच आभासी यंत्रांची मुभा असते. चार हवी असतील तर तोच परवाना दोनदा घ्यावा लागतो. म्हणजे वाटणीला खर्च आहे.

आमच्या संगणक विभागाचे तरुण सहकारी यावर जे बोलले ते मी तेव्हाच टिपून ठेवले होते. ते म्हणाले, “मॅडम, हे ओझं वाटण्यासाठी नाही. आजारपण वाटण्यासाठी आहे.”

त्यांचे म्हणणे असे होते. माहितीसंच सांभाळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हरला मर्यादा घालून दिली नाही तर तो मिळेल तेवढी स्मृती व्यापत जातो. त्यात दुष्टावा नाही, ते त्याचे कामच आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेत सकाळी सुधारणा प्रसिद्ध होतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. बुधवारी महाविद्यालय उघडते तेव्हा सुधारणांचा रोल त्याच स्मृतीवर हक्क सांगत असतो. एकाला धाप लागली की सगळेच धापा टाकतात, आणि नेमके कोण आजारी आहे हे कळत नाही. एक सुधारणा बसवण्यासाठी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागले तर तेवढा वेळ कचेरी बंद, वाटप बंद, निरोप बंद. वेगवेगळ्या यंत्रांवर असतील तर एकाला झोपवून बाकीचे जागे ठेवता येतात.

मला यात कुटुंबाच्या वाटणीची गोष्ट दिसू लागली. एकत्र कुटुंबात कुणाला काही मागायचे तर परवानगी लागत नाही, चुलीजवळ जाऊन हात पुढे केला की भाकरी मिळते. वाटणी झाली की दारे येतात, दारांना कड्या येतात, आणि सख्ख्या भावाकडे जातानाही आधी हाक मारावी लागते. यंत्रांचे अगदी असेच झाले. एकाच यंत्रावर असताना मुख्य कचेरी आणि सुधारणांचा रोल एकमेकांशी आतल्या आत बोलत. वेगळे झाल्यावर त्यांच्यात जाळे आले, जाळ्यावर पहारेकरी आले. सुधारणांशी बोलायचे तर सामान्यतः ८५३० क्रमांकाचे दार उघडे हवे, फायली टाकायच्या तर ४४५ चे, माहितीसंचाशी बोलायचे तर १४३३ चे. कचेरीचे यंत्र दुसऱ्या यंत्रावर रोल बसवणार असेल तर तिथे त्याला व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा लागतो, आणि तो माणसाच्या नावाने न देता यंत्राच्याच नावाने देता येतो. यंत्राला स्वतःचे खाते असते, त्याच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह असते. वाटणीचे पहिले तीन आठवडे या ओळखी करून देण्यातच गेले. एकत्र असताना जो विश्वास गृहीत होता, तो प्रत्येक ठिकाणी लिहून द्यावा लागला.

सगळेच वेगळे केले असेही झाले नाही. मुख्य कचेरी आणि माहितीसंच यांना एकाच यंत्रावर ठेवायचे, असा आमच्या सहकाऱ्यांचा ठाम आग्रह होता. त्यांची देवघेव इतकी सतत चालते की मध्ये जाळे घातल्यास फायद्यापेक्षा कटकट जास्त, असे या क्षेत्रातल्या बऱ्याच अनुभवी लोकांचे मत आहे. अहवालही तिथेच राहिले. बाकी तीन यंत्रे हुकूम, वाटप आणि सुधारणा यांना मिळाली. तालुक्याच्या चार महाविद्यालयांत मात्र वाटपाचा एकेक उपकेंद्रवजा संगणक ठेवला. त्यासाठी वेगळा सर्व्हर लागत नाही, साधा विंडोज संगणकही हे काम करतो. मोठ्या फायली रात्री एकदाच तिथे पोहोचतात आणि गावातले संगणक त्या गावातच घेतात.

आता हस्तपुस्तिकेतल्या शब्दांकडे वळते, कारण खरे भांडण तिथे झाले.

‘डिस्ट्रिब्यूशन पॉइंट’ला सहायकांपैकी एकाने पहिल्याच बैठकीत ‘रेशन दुकान’ म्हटले आणि तो शब्द बोलण्यात कायमचा रुजला. माल वरून येतो, दुकानदार तो बनवत नाही, आणि कार्ड ज्या दुकानाला जोडलेले त्याच दुकानाच्या रांगेत बहुतेक उभे राहायचे, हे सारे त्या शब्दात आपोआप येते. पुस्तिकेत आम्ही ‘वाटप केंद्र’ छापले, पण कंसात रेशन दुकान ठेवलेच. ‘मॅनेजमेंट पॉइंट’चे काम मात्र अवघड होते. प्रत्येक संगणक ठरावीक वेळाने, मुळातल्या मांडणीप्रमाणे दर ६० मिनिटांनी, तिथे जाऊन ‘माझ्यासाठी काही हुकूम आहे का’ असे विचारतो आणि आपली खबरही देतो. आमच्या कार्यालयीन अधीक्षकांनी सुचवले, ‘चावडी’ म्हणा. कचेरी, चावडी, दफ्तर अशी सगळी मालिका जुळेल. माहितीसंचाला दफ्तर म्हणायचे, पुण्यात पेशवे दफ्तर आहेच की. सुचवणी देखणी होती यात शंका नाही. मराठी कारभाराची एक जुनी, घोटीव परिभाषा आयतीच हाताशी येत होती.

दलित साहित्य शिकवणारे माझे ज्येष्ठ सहकारी शांतपणे म्हणाले, “चावडीवर कुणी बसायचं आणि कुणी खाली उभं राहायचं, हे ठरलेलं होतं. माझ्या आजोबांची जागा कुठे होती ते मला माहीत आहे. सातशे संगणकांना तिथे कशाला पाठवता?”

बैठकीत काही क्षण कुणी बोलले नाही. मग कुणीतरी, शब्द आता नुसता शब्द राहिला आहे, असे काहीसे म्हणाले. मला ते पटले नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या कामांची वाटणी किती बारकाईने बांधलेली होती हे त्यात तपशिलाने येते. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, प्रत्येकाचे काम ठरलेले आणि प्रत्येक कामाचा देह ठरलेला. म्हणजे भूमिकांची विभागणी आपल्याला नवी नाही, ती आपल्या हाडीमासी आहे. फक्त तिथे भूमिका माणसापासून सुटी करता येत नव्हती. ती जन्माने अंगाला चिकटत होती आणि मुलाला वारशाने जात होती. संगणकातल्या ‘रोल’चा सारा अर्थच सुटेपणात आहे: आज या यंत्रावर आहे, उद्या काढून त्या यंत्रावर ठेवला, यंत्राची प्रतिष्ठा वाढली नाही की घटली नाही. नाट्यशास्त्रातही भूमिकांच्या वाटपाचा स्वतंत्र विचार आहे आणि कोणत्या देहयष्टीच्या नटाला कोणती भूमिका द्यावी हे सांगितले आहे. पण तिथे निदान पडदा पडला की नट घरी जातो. गावगाड्यात पडदाच नव्हता. अशा व्यवस्थेतला शब्द सुट्या होणाऱ्या कामाला देणे हे भाषेच्या अंगाने मला चुकीचे वाटले, आणि माणुसकीच्या अंगाने तर सहकाऱ्यांनी एका वाक्यात सांगितलेच होते. शेवटी ‘सूचना केंद्र’ हा बेचव शब्द छापला गेला. बेचव शब्दांचाही एक उपयोग असतो, त्यांना पूर्वज नसतात.

‘व्हर्च्युअल’ला ‘आभासी’ म्हणण्याबद्दलही माझी तक्रार आहे, पण तो शब्द आता इतका रूढ झाला आहे की बदलणे शक्य नाही. आभास म्हटले की आपल्याला हेत्वाभास आठवतो, वेदान्तातला चिदाभास आठवतो. जे दिसते पण तसे नाही ते. आभासी यंत्र मात्र जे दिसते ते काम खरेच करते. ही कल्पना आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकात आकाराला आली. एका अवजड संगणकाचे असे भाग पाडायचे की प्रत्येक वापरणाऱ्याला पूर्ण संगणक आपलाच आहे असे वाटावे. १९७२ साली ती विक्रीयोग्य प्रणाली म्हणून जाहीर झाली. पुढे व्हीएमवेअर ही कंपनी १९९८ साली निघाली, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही २००८ साली आले, आणि सामान्य सर्व्हरवरही हे शक्य झाले. आत राहणाऱ्या प्रणालीला आपण भाड्याच्या खोलीत आहोत याचा पत्ता असावाच लागत नाही. यात खोटे काही असेल तर ते यंत्र नव्हे, त्याचे एकटेपण.

आणि इथेच आमच्या साऱ्या वाटणीतली फट होती. चार यंत्रे झाली खरी, पण ती चारही एकाच लोखंडी पेटीत होती. सुधारणांचे यंत्र अडकले तर बाकीची तीन चालतील हे खरे. पेटीचा वीजपुरवठा जळला तर मात्र चारही एकाच क्षणी जातील. दोन आभासी यंत्रे कधीही एकाच पेटीवर राहू नयेत असा नियम घालता येतो, पण त्यासाठी आधी दोन पेट्या असाव्या लागतात. आमच्याकडे एक होती. दुसरीची मागणी टिप्पणीसह पुढे गेली आणि पुढच्या अर्थसंकल्पात पाहू असा शेरा घेऊन परत आली.

हे ऐकताना मला आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरचा समित्यांचा तक्ता आठवत होता. तेवीस समित्या आहेत. मूल्यांकनाच्या वेळी पाहणाऱ्याला वाटावे, किती विकेंद्रित कारभार! प्रत्येक समितीला अध्यक्ष, सचिव, सदस्य. नावे वाचत गेले की सहाच माणसे फिरून फिरून येतात. परीक्षा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना, तक्रार निवारण, वाङ्मय मंडळ, प्रवेश, आणि हो, संगणक समिती. माझ्या विभागात मंजूर पदे तीन, भरलेले एक, बाकीचे अध्यापन तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांना समितीवर घेता येत नाही, कारण त्यांना त्याचे मानधन नाही. म्हणून मराठीची प्राध्यापक सर्व्हरच्या बैठकीत बसली होती. तक्त्यावर तेवीस यंत्रे आहेत, पेट्या सहा.

एका माणसाने अनेक भूमिका करण्याला आपल्याकडे टाळ्या पडतात हे मला माहीत आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटे बावन्न पात्रे उभी करत. तेही प्राध्यापकच होते. पण ती कला होती, प्रयोग संपल्यावर संपणारी. कार्यालयात एका माणसाने चार भूमिका केल्या की त्याला कौतुकाने ‘खांब’ म्हणतात आणि पाचवी देतात.

आमचे संगणक विभागातले सहकारी तर एकटेच होते. करार अकरा महिन्यांचा, दर वर्षी नव्याने होणारा. कचेरी कुठे, दफ्तर कुठे, कोणत्या दाराची कडी कुणासाठी उघडी, हे सारे त्यांच्या एका डोक्यात. सहा रोल चार यंत्रांवर गेले, ते सांभाळणारा मात्र एकच राहिला. उलट त्याला आता एकाऐवजी चार यंत्रांची निगा करायची होती. हस्तपुस्तिका लिहिण्यामागे त्यांचा जो आग्रह होता तो मला हळूहळू उमगला. संस्थेला ती हवी होती, कारण करार न वाढवला तर काम अडू नये. त्यांना हवी होती, कारण रजा घेता यावी. एकाच मजकुराचे हे दोन हेतू जाणूनच मी तो लिहिला. प्रत्येक प्रकरण लिहिताना त्यांना विचारत असे, हे लिहू ना? ते म्हणत, “लिहा मॅडम. डोक्यात ठेवून मला काही मोठेपणा नको. झोप हवी.”

२०२३ च्या पावसाळ्यात ते डेंग्यूने आजारी पडले. नऊ दिवस रुग्णालयात. पाचव्या दिवशी रात्रभर वीज नव्हती, बॅटरी संपली आणि पेटी बंद पडली. सकाळी वीज आली तेव्हा मुख्य महाविद्यालयात कुणालाच हात लावायचे धाडस होईना. चारही आभासी यंत्रे कोणत्या क्रमाने उठवायची याचे पान पुस्तिकेत होते: आधी यजमान यंत्र, मग दफ्तर आणि कचेरी एकत्र असलेले, ते स्थिर झाले की बाकीचे तीन. आपोआप उठण्याची सोय यंत्रात असते, प्रत्येकाला किती वेळ थांबायचे तेही सांगून ठेवता येते, पण ती मांडणी अजून केलेली नव्हती.

तालुक्याच्या महाविद्यालयातून मला फोन आला. तिथल्या ग्रंथालयातल्या एक ताई. त्या वाटपाच्या उपकेंद्राकडे लक्ष ठेवत असत, कारण तो संगणक त्यांच्याच टेबलाखाली होता. “मॅडम, तुम्ही यजमान लिहिलंय. यजमान म्हणजे आमच्याकडे घरधनी, आणि पूजेला बसतो तो. हे नेमकं कोण?” मी सांगितले, ज्याच्या घरात बाकीचे राहतात तो. त्या म्हणाल्या, “मग तो आधी उठायला हवा, बरोबर. पण पूजेला बसणारा काही स्वतः करत नाही, भटजी सांगतील तसं करतो. म्हणून विचारलं.” शब्दाची इतकी नेमकी चिकित्सा मला एम.ए.च्या वर्गातही क्वचितच ऐकायला मिळते. मग त्या एस.टी.ने मुख्य महाविद्यालयात आल्या, पुस्तिका उघडून टेबलावर ठेवली, आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचत चारही यंत्रे उठवली. दफ्तराचे यंत्र उठल्यावर दहा मिनिटे थांबा असे लिहिले होते, त्या घड्याळ लावून दहा मिनिटे थांबल्या. दुपारी दोनच्या सुमारास संगणक पुन्हा खबर देऊ लागले. मी शेजारी उभी होते. माझी भूमिका त्या दिवशी शब्दार्थ सांगण्याची होती, तेवढी मी केली.

दुसरी पेटी २०२४ मध्ये मिळाली, परीक्षा विभागातून काढून टाकलेली. वाटप केंद्र आणि सूचना केंद्र तिच्यावर हलवले आहेत. दुसऱ्या तंत्रज्ञाचे पद मंजूर झालेले नाही. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती याच वर्षी काढली. त्यात ‘यजमान’ तसाच ठेवला आहे, पण त्याच्या खाली ताईंनी सुचवलेली एक ओळ घातली आहे: हा घरमालक आहे, पूजेचा यजमान नाही. शेवटच्या पानावर अडचण आल्यास संपर्क असा रकाना आहे. पहिल्या आवृत्तीत तिथे एकच दूरध्वनी क्रमांक होता, आता दोन आहेत. दुसरा ताईंचा आहे. त्यांच्या नेमणूकपत्रावर पदनाम अजूनही ‘ग्रंथालय परिचर’ असेच आहे.